हिमकडा खरोखर कोसळतो का?

हिवाळ्यात काश्मीर, हिमाचल प्रदेश किंवा उत्तराखंडातून अपघाताची बातमी आली की मराठी वृत्तपत्रांतला मथळा बहुधा ठरलेला असतो : 'हिमकडा कोसळून इतके ठार'. बातमीत पुढे 'अचानक' हा शब्द येतो, 'निसर्गाचा कोप' येतो, आणि सोबत पांढऱ्याशुभ्र शिखराचे एखादे चित्र असते. भूगोलाच्या तासाला विद्यार्थ्याने याविषयी विचारले तर आपणही जवळजवळ हेच सांगतो. डोंगराच्या माथ्यावर बर्फ साठतो, तो जड होतो, मग त्याचा मोठा तुकडा सुटून खाली पडतो. उत्तर सोपे असते, मुलांचे समाधान होते आणि तास पुढे सरकतो.

या लेखात आम्ही या उत्तराचे परीक्षण करणार आहोत. कोणत्याही एका पुस्तकावर किंवा वृत्तपत्रावर आमचा रोख नाही. मथळे, चित्रपट, बालमासिके आणि आपली शिकवणी या सर्वांनी मिळून हिमस्खलनाचे एक चित्र तयार केले आहे. त्या चित्रात आम्हाला तीन दोष दिसतात : एक शब्दाचा, दुसरा कल्पनेचा आणि तिसरा तात्पर्याचा. तिन्ही दोष माणसाला डोंगराच्या माथ्याकडे पाहायला लावतात. धोका मात्र बहुतेक वेळा त्याच्या पायाखाली असतो.

सोलापुरात ही उठाठेव कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात येथे पारा ४३-४४ अंशांवर जातो. मुलांनी पाहिलेला बर्फ म्हणजे रसवंतीवरची लादी, गाड्यावरचा गोळा, फार तर अवकाळी पावसातल्या गारा.

पण सोलापूरची मुले सोलापुरातच राहत नाहीत. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेन हिमनदीवर, सुमारे १९,६०० फूट उंचीच्या सोनम चौकीवर बर्फ कोसळला आणि मद्रास रेजिमेंटच्या १९ व्या बटालियनचे दहा जवान त्याखाली गाडले गेले. त्यांच्यातील हनुमंतप्पा कोप्पड हे धारवाड जिल्ह्यातले लान्सनायक सहाव्या दिवशी सुमारे २५ फूट बर्फाखालून जिवंत निघाले, पण ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्या दहांमध्ये एक जवान सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातला होता. माण म्हणजे आपल्या माळशिरसचा शेजार, तसाच दुष्काळी, तसाच उन्हाचा. या पट्ट्यातून कितीतरी तरुण सैन्यात जातात. शिवाय आता महाविद्यालयीन मुले-मुली सुट्टीत हिमालयात पदभ्रमणाला जातात आणि हिवाळी मोहिमांच्या जाहिराती आपल्या गावापर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांच्या डोक्यात बर्फाविषयी जे चित्र असते ते आपण घडवलेले असते. ते चुकीचे असले तर त्याची किंमत परीक्षेतल्या दोन गुणांपुरती राहत नाही.

एक शब्द, दोन पदार्थ

पहिला दोष शब्दाचा. रोजच्या मराठीत 'बर्फ' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या पदार्थांना वापरतो. कारखान्यात गोठवलेली लादी हाही बर्फ आणि आकाशातून भुरभुरत येणारा तोही बर्फ. रासायनिकदृष्ट्या दोन्ही पाणीच, पण वागणूक अगदी निराळी. लादीची घनता घनमीटरला सुमारे ९०० किलोग्रॅम भरते. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत हिमाची घनता बहुधा ५० ते १०० किलोग्रॅम, म्हणजे लादीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. बाकी सारी हवा. कापसाच्या गादीत हवा जशी अडकलेली असते तशीच येथेही अडकलेली असते. म्हणून हिमाचा थर उष्णतेचा मंदवाहक असतो. हा मुद्दा पुढे फार उपयोगी पडणार आहे.

लादी पाहिलेल्या मुलाला 'बर्फ कोसळला' असे सांगितले की त्याच्या डोळ्यांपुढे लादीच पडते. त्यात आपण 'कडा' हा शब्द जोडतो. मराठी माणसाच्या मनात कडा म्हटला की हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा उभा राहतो : ताशीव, उभा, खाली पाहिले तर डोळे फिरावेत असा. म्हणजे हिमकडा हा बर्फाचा उभा सुळका, आणि त्यापासून लांब राहिले की आपण सुरक्षित, असा समज आपसूक होतो.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अगदी उभ्या कड्यावर हिम टिकतच नाही. पडता पडताच ते थोडे थोडे घसरून जाते. अगदी मंद उतारावर ते सुटत नाही. मोठी स्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. ३० अंश म्हणजे किती? आपल्या शाळेचा जिना मोजून पाहावा. पायरीची उंची सहा-साडेसहा इंच आणि रुंदी अकरा इंच असेल तर उतार ३० अंशांच्या आसपास येतो. म्हणजे जिन्याहून थोडा अधिक चढ असलेला, गुळगुळीत, पांढरा, लोभस उतार हाच सर्वांत घातकी. त्याला 'कडा' म्हणणे म्हणजे मुलाला चुकीच्या दिशेने बोट दाखवणे होय.

'हिमकडा' हा शब्द सर्वस्वी टाकाऊ आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. हिमनदीच्या टोकाशी किंवा बाजूला बर्फाच्या खऱ्याखुऱ्या भिंती असतात आणि त्या तुटून पडतात. सोनम चौकीच्या बाबतीत बर्फाची मोठी भिंत कोसळल्याचे लष्कराने सांगितले होते. शोधपथकांना दगडासारखा कठीण बर्फ यंत्रांनी कापावा लागला. तेथे हा शब्द शोभतो. पण प्रत्येक घटनेला तोच शब्द लावला की घटना समजेनाशा होतात. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात ऋषिगंगा आणि धौलीगंगा नद्यांना लोंढा आला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली किंवा बेपत्ता झाली. पहिल्या दिवशी 'हिमनदी फुटली' असे बहुतेक ठिकाणी म्हटले गेले. शास्त्रज्ञांनी उपग्रहचित्रे तपासल्यावर कळले की रोंटी शिखराच्या बाजूचा सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर भाग तुटला होता आणि त्यात पाचातले चार हिस्से खडक होता. शब्द आधी आणि तपास मागाहून असा क्रम झाला की असे होते.

आमची सूचना साधी आहे. आकाशातून पडणाऱ्यास 'हिम', घट्ट गोठलेल्यास 'बर्फ', आणि उतारावरून सुटून धावणाऱ्या हिमास 'हिमस्खलन' किंवा 'हिमलोट' म्हणावे. धुळीचे लोट सोलापूरकरांना सांगायला नकोत. हिमाचा लोट तसाच उसळत येतो. वर्गात निदान एवढा भेद पाळला तरी निम्मे काम होईल.

पांढरी टोपी की थरांची चवड?

दुसरा दोष कल्पनेचा. आपल्या चित्रात डोंगरावरचे हिम एकसंध असते, जणू डोंगराने घातलेली टोपी. प्रत्यक्षात ती थरांची चवड असते. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर. दोन वर्षावांमध्ये ऊन पडले तर पृष्ठभाग वितळून रात्री त्यावर कडक पापुद्रा धरतो. निरभ्र, शांत, थंड रात्री पृष्ठभागावर पिसांसारखे नाजूक स्फटिक उगवतात. कधी गारांसारखे गोल दाणे पडतात आणि पुढच्या थराखाली छर्ऱ्यांसारखे दबून राहतात. वारा एका बाजूचे हिम उचलून दुसऱ्या बाजूला घट्ट थापून ठेवतो. फेब्रुवारीत त्या उतारावर खड्डा खणला तर नोव्हेंबरपासूनच्या हवामानाची सगळी नोंद त्याच्या भिंतीवर वाचता येते.

यातील सर्वांत कपटी बदल चवडीच्या तळाशी घडतो. जमिनीलगतचे हिम साधारण शून्य अंशाजवळ राहते, कारण खालून जमिनीची ऊब मिळते आणि वरून हिमाचेच पांघरूण असते. पृष्ठभाग मात्र रात्री उणे १५, उणे २० अंशांपर्यंत उतरतो. चवड एक मीटर जाडीची असेल तर एका मीटरमध्ये १५-२० अंशांचा फरक पडला. उबदार भागात बाष्पदाब जास्त, थंड भागात कमी. त्यामुळे खालच्या कणांतून पाण्याची वाफ थेट सुटते, वर सरकते आणि वरच्या कणांवर पुन्हा गोठते. मध्ये द्रवावस्था येतच नाही. कापूर उडतो तसे हे संप्लवन. दर मीटरला सुमारे १० अंशांहून अधिक फरक काही दिवस टिकला की मूळचे एकमेकांत गुंतलेले कण जाऊन त्यांच्या जागी मोठे, कोनदार, सुटे स्फटिक तयार होतात. मुठीत घेतले तर ते जाड साखरेसारखे ओघळतात. त्यांचा गोळा वळत नाही. पर्वतारोहकही त्याला साखरेचीच उपमा देतात. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात ती समजावून सांगणे अवघड जाऊ नये.

यातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो आणि तो मुलांकडूनच काढून घ्यावा. फरक तोच, पण चवड एक मीटरऐवजी अर्धा मीटर जाडीची असेल तर? दर मीटरचा फरक दुप्पट झाला. म्हणजे हिवाळ्याच्या आरंभी हिम कमी पडले आणि थंडी कडक पडली, तर तळ अधिक ठिसूळ होतो. त्यावर पुढे जोरदार वर्षाव झाला की साखरेच्या पायावर फरशी बसवल्यासारखी स्थिती होते. 'जास्त हिम म्हणजे जास्त धोका' हे उत्तर म्हणूनच अपुरे आहे. लडाख आणि काराकोरमच्या कोरड्या, कडक थंडीच्या भागात हिम तुलनेने कमी पडते, आणि असा ठिसूळ तळ तेथे सहज आढळतो.

आता स्खलन कसे होते ते पाहू. वर घट्ट थर, खाली ठिसूळ थर. एखाद्या जागी वजन पडते, नवे हिम किंवा चालणारा माणूस, आणि ठिसूळ थर तेवढ्याच जागी चिरडतो. चिरडलेल्या भागावरचा भार शेजारच्या भागावर जातो, तोही चिरडतो, आणि भेग डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उतारभर धावते. वरचा थर आधार गमावून एका तुकड्याने सुटतो. उतारावर उभा असलेला माणूस त्या तुकड्याच्या मध्यभागी असतो. भेग त्याच्या वर पडलेली असते. अनेकदा 'धप्प' असा पोकळ आवाज आधी ऐकू येतो. तो ठिसूळ थर बसल्याचा आवाज. कधी कधी पायथ्याच्या सपाटीवर चालणाऱ्याच्या वजनानेही वरचा उतार सुटतो.

गणिताच्या तासाला हे उदाहरण घालता येईल. ५० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड असा थर सुटला. घनता घनमीटरला २०० किलोग्रॅम. वजन किती? १,२५० घनमीटर गुणिले २००, म्हणजे अडीच लाख किलोग्रॅम, अडीचशे टन. दहा टन ऊस भरलेल्या पंचवीस गाड्या एकदम अंगावर आल्या असे समजा. आणि हे स्खलन लहान समजले जाते.

वाळूचा ढीग पुरत नाही

हिमस्खलन शिकवताना आपण जो प्रयोग करतो त्याविषयीही लिहिले पाहिजे. वाळूचा किंवा धान्याचा ढीग करायचा, वरून आणखी ओतत राहायचे आणि ठरावीक कोनानंतर तो घसरतो हे दाखवायचे. ज्वारीची रास पाहिलेल्या मुलांना हा प्रयोग आवडतो आणि तो चुकीचा नाही. भुसभुशीत हिम एका बिंदूपासून सुटून पंख्यासारखे पसरत जाते, त्या प्रकाराला तो बरोबर लागू पडतो. पण तो प्रकार बहुधा कमी घातक असतो. माणसे मारणाऱ्या स्खलनांत बहुतेक वेळा एकसंध थर सुटलेला असतो, आणि तो वाळूच्या ढिगात दिसत नाही. वाळूत थर नसतात, स्मृती नसते.

त्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, पुढील प्रयोग करून पाहावा. दोन फूट लांबीची फळी घ्यावी व तिच्यावर गोणपाट ताणून चिकटवावे. त्यावर ज्वारीच्या पिठाचा बोटभर थर हाताने दाबून बसवावा. त्यावर जाड साखर सारखी पसरावी. तिच्यावर पुन्हा पीठ चाळून घालावे आणि वहीच्या पुठ्ठ्याने हलकेच दाबावे. आता फळीचे एक टोक सावकाश उचलावे. फळीच्या कडेला कोनमापक व ओळंबा लावला की कोन वाचता येतो. वरचे पीठ कोणत्या कोनाला सुटते, तुकड्याने सुटते की कणाकणाने, वरच्या टोकाशी भेग कशी पडते, याची नोंद मुलांनी करावी. मग साखर न घालता तोच प्रयोग पुन्हा करावा आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात. तिसऱ्या वेळी फळी सुटण्याच्या कोनापेक्षा थोडी कमी उचलून ठेवावी आणि वरच्या पिठावर एका जागी बोटाने टिचकी मारावी.

दर वेळी आकडा तोच येणार नाही. पीठ किती दाबले, साखर किती जाड, हवेत दमटपणा किती, यांवर तो बदलेल. आमच्या मते यातच प्रयोगाचे खरे मोल आहे. 'अमुक अंशाला घसरते' असे एक वाक्य पाठ करण्याऐवजी, तोच उतार एके दिवशी टिकतो आणि दुसऱ्या दिवशी का टिकत नाही, हा प्रश्न मुलांच्या हाती येतो. उपमेची मर्यादाही सांगावी : साखरेचे दाणे फक्त सरकतात, हिमातले स्फटिक मोडतात आणि कोलमडतात.

आरोळीची दंतकथा

चित्रपटांनी आणि विनोदी चित्रमालिकांनी आणखी एक समजूत रूढ केली आहे : डोंगरात ओरडले की हिम कोसळते. ही समजूत पदार्थविज्ञानाच्या वर्गात पाच मिनिटांत तपासता येते. जवळून अगदी कानठळ्या बसवणाऱ्या, १०० डेसिबलच्या आवाजाचा दाब सुमारे २ पास्कल असतो. सत्तर किलोच्या माणसाचे वजन सुमारे ७०० न्यूटन. दोन्ही बुटांचे मिळून क्षेत्रफळ चौरस मीटरचा विसावा हिस्सा धरला तर दाब १४,००० पास्कल येतो. खोल जाताना हा दाब पसरून बराच कमी होतो, पण तुलना कशाची कशाशी आहे ते स्पष्ट होते. आरोळीपेक्षा पाऊल हजारो पटींनी भारी. आरोळीने हिम सुटत नाही, पावलाने सुटते.

समजूत निरुपद्रवी वाटते. तशी ती नाही. 'आम्ही तर गप्प होतो' असे समाधान ती देते. शिवाय हाका मारणे, संकटात ओरडणे, सोबत्याला सावध करणे ही डोंगरातली आवश्यक कामे आहेत. त्यांची भीती घालणे बरे नव्हे.

'अचानक' आणि 'कोप'

तिसरा दोष तात्पर्याचा आणि आमच्या दृष्टीने तो सर्वांत मोठा. स्खलन अचानक झाले, निसर्ग कोपला, नशिबात होते, अशी वाक्ये मृतांविषयीच्या सहानुभूतीतून येतात हे आम्ही जाणतो. पण त्यांचा परिणाम असा होतो की शिकण्यासारखे काही उरत नाही.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळ माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन झाले. ५४ कामगार गाडले गेले. ४६ जण वाचले, आठ जण मृत्यू पावले. ही घटना क्षणार्धात घडली हे खरे. पण चमोलीसह उत्तराखंडच्या पाच जिल्ह्यांत २,४०० मीटरहून उंच भागांसाठी चोवीस तासांचा हिमस्खलनाचा इशारा आदल्या संध्याकाळीच दिला गेला होता. तो चंदीगडच्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेने दिला होता. मनालीत १९६९ साली सुरू झालेली हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था २०२० मध्ये या संस्थेत विलीन झाली. म्हणजे आपल्या देशात अर्ध्या शतकाहून अधिक काळ हिमाचे थर मोजणारी, खड्डे खणणारी, अंदाज वर्तवणारी माणसे काम करीत आहेत. आपल्या पाठांत मात्र त्यांना जागा नाही. वादळाचा इशारा, भरतीचे वेळापत्रक आपण शिकवतो. हिमस्खलनाचाही इशारा असतो, त्याच्याही कमी ते अत्युच्च अशा पाच पायऱ्या असतात, हे किती शिक्षकांनी वर्गात सांगितले असेल?

दुसरीही एक गोष्ट 'कोप' या शब्दाआड दडते. युरोप आणि अमेरिकेत हिमस्खलनात सापडलेल्या हौशी पर्वतारोहकांचा अभ्यास झाला आहे. सुमारे दहांपैकी नऊ वेळा स्खलन त्याच माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने सुटले होते. सैनिकी चौक्या, वस्त्या आणि रस्ते यांची गोष्ट वेगळी. तेथे हिम आपोआप सुटून खाली येते. पण पदभ्रमणाला जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पहिला आकडा महत्त्वाचा. कोपणारे कोणी दूर शिखरावर बसलेले नाही. आपण कोठून, केव्हा आणि कितीजण मिळून चाललो, यावर पुष्कळ काही ठरते.

सुटकेविषयीही असाच भ्रम आहे. हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले म्हणून हिमाखाली माणूस पुष्कळ काळ जगू शकतो असे वाटते. ती अपवादात्मक घटना होती. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींवरून असे दिसते की पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले दहांतले नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास येते. थंडीने मरण येण्याच्या आधी श्वास कोंडतो. म्हणजे दूरवरून येणारे मदतपथक बहुधा उशिराच पोहोचणार. जीव वाचवू शकतो तो शेजारचा सोबती, आणि तोही त्याच्याजवळ शोधयंत्र, लांब सळई आणि फावडे असेल तरच.

एवढे सांगून आम्ही दुसऱ्या टोकाला जाऊ इच्छित नाही. ज्ञान म्हणजे कवचकुंडले नव्हेत. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा या शिखराच्या वाटेवर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि पंचवीसहून अधिक माणसे गेली. ते प्रगत अभ्यासक्रमाचे प्रशिक्षणार्थी होते, सोबत अनुभवी प्रशिक्षक होते. हिमाचा थर एका ठिकाणी पक्का आणि दहा मीटरवर कच्चा असू शकतो. एका खड्ड्यावरून सगळा उतार कळत नाही. म्हणून या शास्त्रात 'निश्चित सुरक्षित' असे कोणी म्हणत नाही, 'धोका किती' एवढेच म्हणतात. मुलांना विज्ञानाचा हा स्वभावही कळायला हवा. अंदाज चुकू शकतो म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. चुकू शकतो म्हणून जवळ जास्तीचे अंतर राखायचे असते.

घाटातही तोच प्रश्न

हा विचार हिमापुरता राहत नाही, हे त्याचे आणखी एक महत्त्व. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये, १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. तिन्ही वेळा आपण 'डोंगर कोसळला' असे म्हटले. माळीणला डोंगर जागेवरच होता. सुटला तो त्याच्या अंगावरचा माती-मुरमाचा, झिजलेल्या खडकाचा थर, अतिवृष्टीने भिजून जड आणि सैल झालेला. द्रव्य वेगळे, यंत्रणाही तंतोतंत एक नाही. पण विचारायचा प्रश्न एकच : वरचा थर कशावर टेकला आहे, आणि त्या आधाराचे गेल्या काही दिवसांत काय झाले? हिमाच्या थरांनी हा प्रश्न ज्याला शिकवला तो पावसाळ्यात घाटातल्या उताराकडेही निराळ्या नजरेने पाहील.

मथळा लिहिणाऱ्यांना आम्ही बांधू शकत नाही. वर्गातले उत्तर मात्र आपल्या हातात आहे. हिमालयातल्या हिवाळी पदभ्रमणासाठी विद्यार्थी शिक्षकांकडे शिफारसपत्र किंवा परवानगी मागायला येतात तेव्हा आपण गरम कपड्यांची, औषधांची आणि वर्गणीची चौकशी करतो. तिच्या जोडीला तीन प्रश्न आणखी विचारावेत. वाटेतले उतार किती अंशांचे आहेत? निघण्याच्या दिवशी हिमस्खलनाचा इशारा कोण वाचणार आहे? आणि इशारा वाईट असला तर परत फिरण्याचा निर्णय कोण घेणार? विद्यार्थ्याला उत्तरे देता आली नाहीत, तर ती आयोजकाकडून लेखी आणायला सांगावे. ती मिळेपर्यंत सही करू नये.